मंगल कार्यालयाच्या पावतीमागं साथीची अट कशी लिहावी?

अंगणवाला

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात हमरस्त्याला लागून आमचं मंगल कार्यालय आहे. साठ बाय चाळीस फुटांचा बंद हॉल आणि त्याच्या मागं वीस गुंठ्यांचं लॉन. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. आमच्या भागातल्या पाच-सहा कार्यालयवाल्यांनी मिळून बुकिंगची पावती एकसारखी करायचं ठरवलंय आणि पाठीमागं अटी छापायच्या आहेत. लाईट गेली तर जनरेटरचं डिझेल कुणाचं, खरकटं कुणी उचलायचं, स्पीकर किती वाजता बंद, यावर अर्ध्या तासात एकमत झालं. अडलंय ते एकाच अटीवर. पुन्हा कधी साथ आली आणि सरकारनं माणसांच्या संख्येला मर्यादा घातली, तर भाड्याचं आणि बयाण्याचं काय करायचं?

दोघांचं म्हणणं पडलं की शुभकार्याच्या पावतीवर असलं काही लिहूच नये, गिऱ्हाईक दचकतं. मला ते पटलं नाही. घरी येऊन मी जुनं रजिस्टर काढलं.

कोरोनाच्या त्या दोन वर्षांत मी प्रत्येक बुकिंगसमोर त्या दिवशी लागू असलेला माणसांच्या मर्यादेचा आकडा लाल शाईनं लिहून ठेवायचो. मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं, तिथं नुसत्या आडव्या रेघा आहेत. जून २०२० च्या अखेरीस राज्यानं लॉन आणि बिगर-एसी हॉलमध्ये ५० माणसांत लग्नाला परवानगी दिली, तिथून लाल आकडे सुरू होतात. फेब्रुवारी २०२१ नंतर पुन्हा आवळायला लागलं. एप्रिल २०२१ च्या मध्यात मर्यादा २५ माणसांवर आली आणि २२ एप्रिलच्या रात्री आठपासून त्यातही एकच हॉल, दोन तासांत सगळं उरकायचं, मोडलं तर ५० हजार दंड. आदेश निघाला २१ ला. म्हणजे लग्नघराला पुरता एक दिवसही मिळाला नाही. शुक्राचा अस्त संपून तिथी नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तुंबलेली लग्नं त्याच आठवड्यात होती.

पुढं ७ जूनपासून निर्बंधांचे पाच स्तर आले. पॉझिटिव्हिटी (तपासलेल्यांत किती बाधित) आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात यावरून जिल्ह्याचा स्तर ठरायचा. आमचा जिल्हा पहिल्या स्तरात आला, म्हणजे संख्येची अट नाही. तीन आठवडेही झाले नाहीत तोच डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकारामुळं २५ जूनच्या आदेशानं सगळं राज्य किमान तिसऱ्या स्तरावर गेलं आणि पुन्हा ५०. १५ ऑगस्टपासून लॉनवर निम्म्या क्षमतेनं पण २०० च्या आत, हॉलमध्ये निम्म्या क्षमतेनं पण १०० च्या आत. २४ डिसेंबरला बंद जागेत १०० आणि उघड्यावर २५०. त्यानंतर आठवडाभरातच, ३१ डिसेंबरपासून, हॉल असो की लॉन, सरसकट ५०. मार्च २०२२ च्या सुरुवातीला १४ जिल्ह्यांना पूर्ण क्षमतेची सूट मिळाली, त्या यादीत मराठवाड्यातला एकही जिल्हा नव्हता. लसीचा पहिला डोस ९० टक्के आणि दुसरा ७० टक्के लोकांना झालेला हवा, अशी अट होती आणि दुसऱ्या डोसात आपण मागं होतो. शेवटी पाडव्याच्या तोंडावर, १ एप्रिल २०२२ पासून, सगळे निर्बंध उठले.

हे सगळं अशासाठी लिहिलं की रजिस्टर चाळताना एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या तारखा पूर्ण बंदीत गेल्या, त्यांच्यासमोर ‘बयाणा परत’ किंवा ‘पुढची तारीख’ एवढंच लिहिलंय, एकही भांडण नाही. सगळी भांडणं लाल आकड्यांच्या पानावर आहेत. बंदी असली की दोघांचंही नुकसान असतं, दोघांनाही ते दिसतं. मर्यादा असली की कार्यालयवाला म्हणतो, हॉल उघडा होता, तुमचं लग्न लागलं, भाडं द्या. गिऱ्हाईक म्हणतो, मी आठशे माणसांचं कार्यालय घेतलं होतं, पन्नासांचं नाही. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून बंदीपेक्षा मर्यादेची अट लिहून ठेवणं जास्त गरजेचं आहे असं माझं ठाम मत झालंय. ज्यांनी ज्यांनी त्या काळात लग्न केलं, लावलं, जेवण केलं, वाजवलं, त्यांनी आपला अनुभव सांगावा.

परभणीचा_बाप

दादा, तुम्ही विषय काढला म्हणून लिहितो, नाहीतर चार वर्षं कुणाला बोललो नव्हतो.

माझ्या थोरलीचं लग्न एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात होतं. कार्यालय जानेवारीतच धरलं होतं. तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं, लोक मास्क काढून हिंडायचे. ठरलेल्या भाड्यापैकी निम्म्याहून जास्त रक्कम भरली होती. लग्नाच्या दोनेक आठवडे आधी २५ चा आदेश आला. पाहुण्यांना फोन करायचं काम मी आणि धाकट्या भावानं केलं. सख्ख्या आत्याला ‘येऊ नको’ म्हणायचं, मामाला ‘एकटाच ये’ म्हणायचं. मुलीच्या आजोळचे चौघे, आमचे आठ, तिकडचे दहा, भटजी, फोटोवाला एक. यादी मी तीनदा फाडली. शेवटी माझी स्वतःची बहीण तालुक्याला घरी बसून मोबाइलवर अक्षता टाकत होती. तिच्या ताटातले तांदूळ मला स्क्रीनवर दिसत होते.

लग्न झालं, मुलगी सुखात आहे, तक्रार नाही. पण कार्यालयवाल्यानं पूर्ण भाडं मागितलं. जेवणघर उघडलं नाही, वरच्या खोल्या उघडल्या नाहीत, साफसफाईला माणूससुद्धा लावला नाही, दोन तासांत आम्ही बाहेर. मी म्हटलं, अर्धं घ्या. ते म्हणाले, सरकारनं कार्यालय बंद करायला सांगितलं असतं तर परत दिले असते, पण परवानगी तर होती ना. पावतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मुलीच्या लग्नात वाद नको म्हणून दिले.

आज रागानं लिहीत नाही. त्यांचंही कर्ज असेल. पण पावतीवर चार ओळी असत्या तर मला त्या दिवशी बायकोच्या डोळ्यांसमोर हात जोडून उभं राहावं लागलं नसतं. तुमची ती अट नक्की छापा.

नांदेडचा_आचारी

अंगणवाले दादा, जेवणाचं पण त्यात घ्या. लोकांना वाटतं पन्नास माणसं म्हणजे आचाऱ्याला सोपं. उलट आहे. पाचशेच्या पंगतीला मी पंचवीस वाढपी, सहा भांडेवाल्या बाया, चार हाताखालचे घेतो. पन्नासला चार वाढपी पुरतात. पण भट्टी तीच, टेम्पो तोच, मी तोच. ताटाचा भाव मला वाढवावा लागायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, माणसं कमी झाली तर भाव वाढवायलेत कसे? मला समजावून सांगता यायचं नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सामान. एका लग्नाला तीनशे माणसांची बुंदी आदल्या रात्री पाडून झाली होती. सकाळी कळलं की एवढ्यांना येऊ देणार नाहीत. बुंदीचे लाडू वळून आम्ही पुड्या बांधल्या आणि पाहुण्यांच्या घरोघरी पाठवल्या, तेवढी तरी वाया गेली नाही. पण वांगी, कोथिंबीर, दही? मठ्ठ्याचं दही चाळीस लिटर होतं. गुरुद्वाऱ्याच्या लंगरला नेऊन दिलं.

त्या काळात माझे जे पंचवीस वाढपी होते, त्यातले निम्मे आता पुण्याला आहेत. गाव सोडून गेलेली माणसं परत आली नाहीत. पंगतीत वाकून वाढायचं कसब असं चार दिवसांत शिकवता येत नाही. वरण उजव्या हातानं आणि ताटाच्या कोणत्या बाजूला, हे पोरांना सांगतासांगता लग्न संपून जातं.

वेरूळवाट

हॉटेल-लॉजचा अनुभव सांगतो, कारण तिथं उलटंच झालं. आम्ही वेरूळ रस्त्यावर राहण्याची सोय करतो, बारा खोल्या. जुलै २०२० मध्ये लॉजना ३३ टक्के क्षमतेनं परवानगी मिळाली, २ सप्टेंबरपासून पूर्ण. कागदावर आम्ही शंभर टक्के उघडलो. पण लेणी बंद! अजिंठा-वेरूळ उघडायला १० डिसेंबर उजाडला. तीन महिने आमच्या बारा खोल्या पूर्ण क्षमतेनं रिकाम्या होत्या.

क्षमतेचा आकडा एकट्या इमारतीला लावून भागत नाही, एवढंच मला म्हणायचंय. माणूस खोलीसाठी येत नाही, कैलास लेण्यासाठी येतो. जेवणाच्या हॉटेलांचं तसंच. तिसऱ्या स्तरात निम्म्या टेबलांना परवानगी, पण दुपारी चारपर्यंत. आमच्या रस्त्यावरच्या धाब्यांचा धंदा सुरूच होतो सातनंतर. निम्मी क्षमता मिळूनही त्यांच्या हाती पार्सलच राहिलं. ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं निम्म्या क्षमतेनं उघडली, तेव्हा रात्रीची वेळ मिळत होती म्हणून ते तरले. टक्का आणि वेळ, दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय काही अर्थ लागत नाही.

लातूरकर_डॉक्टर

मी तेव्हा ग्रामीण रुग्णालयात होते. इथं बोलावं की नाही याचा विचार करत होते, कारण कार्यालयवाल्यांचं नुकसान खरं आहे आणि मी त्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते.

संख्येचा आकडा हॉलच्या मापावर ठरायला हवा होता, असं इथं येईलच, म्हणून आधीच सांगते. दोनशे माणसांचं लग्न म्हणजे नुसती दोनशे माणसं नाहीत. ती तीस-चाळीस गावांतून येतात. क्रूझरमध्ये बारा-बारा जण काचा लावून बसून येतात, आदल्या रात्री एका घरात पथारी टाकून झोपतात आणि परत आपापल्या गावाला जातात. तुमच्या लॉनवर कितीही मोकळी हवा असली तरी त्या क्रूझरमध्ये नसते. आकडा लहान ठेवण्यामागं गावं एकमेकांत मिसळू नयेत हा हेतू होता. एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडं ऑक्सिजनची एक खाट मोकळी व्हायची वाट बघत तीन घरांची माणसं आवारात लिंबाखाली बसलेली असायची. त्यातल्या एका घरात दहा दिवसांपूर्वी लग्न झालेलं होतं. नवरीच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती आणि ती सासऱ्यांना वारा घालत होती.

आता तुमच्या बाजूनं बोलते. अंतराचे नियम आम्ही सगळ्यांनी घोकून घेतले, हवेकडं मात्र उशिरा लक्ष दिलं. केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मे २०२१ मध्ये सांगितलं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, पण बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट पंखे लावा. तोवर दुसरी लाट शिखर गाठून गेली होती. हे आधी कळलं असतं तर बंद एसी हॉल आणि उघडं लॉन यांत सुरुवातीपासून ठाम फरक करता आला असता.

अंगणवाला

डॉक्टरताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

तुम्ही म्हणालात तेच मी विचारणार होतो. सहा फुटांचं अंतर धरून मी तेव्हा फक्कीनं चौकटी आखल्या होत्या. सहा बाय सहा म्हणजे एका माणसाला ३६ चौरस फूट. हॉल २,४०० चौरस फुटांचा, म्हणजे ६६ माणसं. लॉन वीस गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट, त्यात सहाशे माणसं बसली असती. ३१ डिसेंबरच्या आदेशात दोन्हींना ५०. मला तो अन्याय वाटत आला. क्रूझरचा विचार मी कधी केला नव्हता.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांनी बघितलेली आहे. त्या चौकटीत लोक बसायचे, खुर्च्या हलवायचे नाहीत, फार शिस्त होती. आणि हॉलच्या मागं नवरीची खोली दहा बाय बारा. एकच खिडकी, तीही बायका कपडे बदलतात म्हणून कायम बंद. चुडा भरताना तिथं पंधरा-सतरा बाया आणि लेकरं असायची. बाहेर मी फक्की मोजत होतो आणि खरी गर्दी त्या खोलीत होती. नंतर मी त्या खोलीच्या भिंतीत वर दोन झरोके पाडले आणि एक्झॉस्ट बसवला. आजही उन्हाळ्यात बाया सांगतात की खोलीत जीव घाबरा होत नाही.

बँजो_पार्टी_बीड

पन्नासात वाजवणारे धरायचे का नाही, याचं उत्तर आम्हाला शेवटपर्यंत मिळालं नाही. एका तालुक्यात सांगितलं वाजंत्री धरून पन्नास, दुसऱ्यात सांगितलं पाहुणे पन्नास, कामाची माणसं वेगळी. आम्ही नऊ जण. वाजंत्री धरून म्हटलं की लग्नघर पहिली काट आमच्यावर मारतं. कोण म्हणेल की मामा नको पण हलगीवाला पाहिजे?

मार्च २०२१ च्या शेवटी बीड आणि नांदेडला जिल्ह्याचा लॉकडाऊन लागला. पुढं ऑगस्टमध्ये बाकीच्या बऱ्याच जिल्ह्यांना सूट मिळाली, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचेच निर्बंध ठेवले, त्यात आमचा बीड जिल्हा होता. शेजारच्या जिल्ह्यात वाजायचं आणि आमच्यात नाही. मी माझा कॅसिओ कीबोर्ड विकला. हलगीवाले दोघं ऊसतोडीला गेले, त्यातला एक अजूनही जातो. चामड्याची हलगी न वाजवता ठेवली की ढिली पडते, शेकायला लागते. दीड वर्ष खुंटीला होती.

पावतीमागं लिहिणार असाल तर हे पण लिहा की आकड्यात कामाची माणसं धरायची का नाही, ते कार्यालय आधी विचारून लेखी कळवेल.

जिंतूरकर

आमच्यात निकाह घरीच दहा-पंधरा जणांत झाले, त्याला फार अडचण आली नाही. अडचण वलीम्याची. वलीमा म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला, बिरादरीला जेवण. लहान करताच येत नाही, केला तर लोक दुखावतात. माझ्या भावाचा वलीमा आम्ही रद्दच केला आणि शामियानावाल्याला सांगायला गेलो. त्यानं बयाणा परत देतो म्हटलं. वालिदसाहेब म्हणाले, ठेव तुझ्याकडं, धाकट्याच्या वेळेला बघू. त्यानंतर दोन वर्षांनी धाकट्याचा वलीमा त्याच शामियान्यात झाला आणि त्यानं जुन्या भावात दिला. काही लिहिलेलं नव्हतं. पण सगळेच शामियानावाले तसे नसतात आणि सगळी गिऱ्हाईकंही नसतात, म्हणून लिहावं हेच बरं.

मोंढा_रोड

एवढी तयारी कशाला? असली साथ शंभर वर्षांतून एकदा येते. तेवढ्यासाठी पावतीवर चार ओळी आणि लोकांच्या मनात भीती.

लातूरकर_डॉक्टर

मोंढा रोड दादा, शंभर वर्षं कुठली. सप्टेंबर १९९४ आठवतोय का? बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला होता. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं पुण्यातली थिएटरं आणि शाळा बंद कराव्या लागल्या होत्या. आणि २०२० मध्ये राज्यानं जो साथरोग कायदा लावला, तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला. तो अजून वापरावा लागतो यातच आलं. साथ लहान असेल, एका जिल्ह्यापुरती असेल, पण लग्नाच्या हंगामात यायला तिला कोण अडवणार?

कोर्टरोड_वकील

कायद्याचं थोडं सांगतो, कारण परभणीच्या काकांचं प्रकरण वाचून वाईट वाटलं आणि तशी बरीच प्रकरणं माझ्याकडं सल्ल्याला आली होती.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ५६ प्रमाणे करार केल्यानंतर ठरलेली गोष्ट अशक्य किंवा बेकायदेशीर झाली तर करार रद्द होतो. कलम ६५ प्रमाणे रद्द झालेल्या करारात ज्यानं जे घेतलं असेल, ते परत करायचं किंवा भरपाई द्यायची. पूर्ण बंदीच्या काळातला बयाणा परत मागायला याचा आधार मिळतो. औरंगाबादला ११ मार्च २०२१ पासून मंगल कार्यालयातली लग्नंच बंद केली होती, नोंदणी पद्धतीनं तेवढं करता येत होतं. त्या तारखांचं उत्तर सरळ होतं.

पण ५० किंवा २५ ची मर्यादा असली की गोष्ट अशक्य झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. लग्न तर होतं. मग प्रश्न येतो की करार नेमका कशाचा होता. चार भिंतींच्या जागेचा, की आठशे माणसांच्या समारंभाचा? पावतीवर नुसतं ‘हॉल भाडे’ लिहिलेलं असेल तर गिऱ्हाइकाची बाजू लंगडी पडते. अंगणवाले, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. पावतीच्या पुढच्या बाजूला ‘अंदाजे पाहुणे’ असा रकाना घ्या आणि आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. पाठीमागच्या अटीला त्या आकड्यामुळं वजन येतं.

परभणीचा_बाप

वकीलसाहेब, माझ्या पावतीवर ‘हॉल भाडे’ एवढंच होतं. अजून आहे माझ्याकडं.

अंगणवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून मसुदा केला, तो इथं टाकतो. चुका दाखवा.

“पुढील बाजूस लिहिलेल्या पाहुण्यांच्या अंदाजे संख्येवर भाडे ठरले आहे. साथीच्या कारणाने शासनाने कार्यालय पूर्ण बंद केल्यास यजमानांच्या इच्छेप्रमाणे संपूर्ण बयाणा पंधरा दिवसांत परत केला जाईल, किंवा त्याच भाड्यात पुढील वर्षभरातील मोकळी तारीख दिली जाईल. शासनाने संख्येवर मर्यादा घातल्यास व ती लिहिलेल्या संख्येच्या निम्म्याहून कमी असल्यास यजमानांना तारीख बदलण्याचा हक्क राहील. त्याच तारखेस कार्य केल्यास भाड्याच्या चाळीस टक्के रक्कम घेतली जाईल व न वापरलेल्या खोल्या, जेवणघर व वीज यांची आकारणी होणार नाही. आचारी, वाढपी, वाजंत्री व पुरोहित मर्यादेत धरायचे किंवा कसे, हे कार्यालय संबंधित अधिकाऱ्यांना विचारून यजमानांना लेखी कळवेल.”

चाळीस टक्क्यांवर आमच्यात बरीच ओढाताण झाली. चौकीदार, नगरपालिकेचा कर, बँकेचा हप्ता हे माणसं कमी आली म्हणून कमी होत नाही. माझ्या वहीप्रमाणे कार्यालय नुसतं उभं ठेवायला भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त लागतं. त्याखाली गेलो तर आम्हीच बुडू, त्यावर गेलो तर परभणीच्या काकांसारखं कुणाला तरी हात जोडायला लावू.

दंडाचं मात्र मी अटीत घेतलं नाही. नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात पाहुण्यानं मास्क लावला नाही तर त्याला ५०० आणि जागेच्या मालकाला १० हजार दंड होता. माझ्याकडं एका लग्नात वरमाईच्या भावानं फोटोसाठी मास्क खाली घेतला आणि नेमके तेव्हाच पथक आलं. दहा हजारांची पावती माझ्या नावानं फाटली. ते पैसे मी वधूपित्याकडून घेतले नाहीत, तो आधीच रडकुंडीला आला होता. पण दारावर उभं राहून पाहुण्याच्या तोंडावरचा मास्क बघायचं काम कार्यालयवाल्यानं कसं करायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. त्यावर कुणाला काही सुचलं तर सांगा.

नांदेडचा_आचारी

दादा, मसुदा चांगला आहे. एकच सांगतो. त्यात आचाऱ्याला कधी कळवायचं ते पण टाका. आदेश आल्याबरोबर कार्यालयवाल्याला पहिला फोन येतो, गिऱ्हाइकाचा नाहीतर तलाठ्याचा. तुम्ही मग गिऱ्हाइकाला कळवता. आम्हाला कळतं शेवटी, डाळ भिजल्यावर. “मर्यादा कळताच त्याच दिवशी आचारी, मंडप व वाजंत्री यांना फोनने कळवले जाईल” एवढं लिहा. बुंदी पाडायच्या आधी कळलं तर माझे पन्नास किलो बेसन वाचते.

बँजो_पार्टी_बीड

आचारीभाऊंच्या ओळीला माझं पण अनुमोदन. आणि वाजंत्रीच्या बयाण्याचं वेगळं काही लिहू नका, आम्ही बयाणा घेतच नाही, शब्दावर येतो. फक्त वेळेवर फोन करा. नऊ माणसं नऊ गावांतून निघतात.

लातूरकर_डॉक्टर

मास्कवर मला सुचतं ते असं. दारात उभं राहायला कार्यालयवाल्यानं आपला नोकर ठेवू नये. यजमानांच्या घरातलंच एक वडीलधारं माणूस, शक्यतो मुलीची आत्या किंवा मावशी, तिला उभं करावं. नोकरानं सांगितलं की पाहुण्याला अपमान वाटतो, आत्यानं दटावलं की हसत हसत मास्क वर जातो. आमच्या लसीकरणाच्या रांगेत मी हेच केलं होतं. गावातली एक म्हातारी आजी खुर्ची टाकून बसवली होती, कुणीही रांग मोडली नाही.

अंगणवाला

डॉक्टरताई, आत्याचं नाव आणि फोन नंबर लिहायला पावतीच्या पुढच्या बाजूला एक ओळ ठेवतो. आचारीभाऊ, तुमची ओळ जशीच्या तशी घेतली. छापखान्यात सोमवारी टाकतोय. परभणीचे काका, छापून आली की पहिली प्रत तुम्हाला पाठवीन, पत्ता निरोपातून कळवा.

परभणीचा_बाप

कळवतो. धाकटीचं यंदा मार्गशीर्षात ठरतंय. तारीख निघाली की तुमच्याकडंच येतो, पाहुण्यांचा आकडा आधी लिहू.